शेरा: अनुपलब्ध

यादी नऊ बेचाळीसला आली. तेव्हा मी माझ्या मुलीच्या, पूर्वीच्या, प्लेग्रुपच्या पायरीवर उकिडवी बसून तिच्या डाव्या बुटाची पट्टी लावत होते आणि ती माझ्या केसांना बिस्किटाचा हात पुसत होती. फोन मांडीवर होता. विभागाच्या ग्रुपवर स्वाती मॅडमनी पीडीएफ टाकली होती, ‘पुणे फेलोशिप, अंतिम नावे’, आणि खाली त्यांचे नेहमीचे जोडलेले हात. मी अंगठ्यानेच ती उघडली. आमच्या विद्यापीठातली कुठलीही यादी एका पानात मावते. पहिलं नाव माझंच होतं, निशिगंधा पराग देवरुखकर, एम. ए. भूगोल, दुसरं वर्ष, गुणानुक्रम एक. त्याच ओळीच्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता आणि त्यात एकच शब्द होता, अनुपलब्ध. खालच्या ओळीत आमच्याच विभागातल्या अभिनवचं नाव, ठळक अक्षरांत, म्हणजे जाणार तो.

मला आधी काय वाटलं ते इथे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मला हायसं वाटलं. दातांच्या डॉक्टरांनी खुर्चीवर बसवल्यावर ‘आज नको, सूज उतरू दे’ म्हणावं, तसं. खांदे खाली आले, पूर्वीच्या डोक्याचा खोबरेलाचा वास एकदम जवळचा वाटला. आता सहा आठवडे कुठे जायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाची समजूत काढायची नाही, पूर्वीला दारात रडताना सोडून जिना उतरायचा नाही. हे किती वेळ टिकलं? पट्टी लागली, पूर्वी उठली, मागे न बघता आत गेली, टीचरने आतून कडी लावली, तेवढा वेळ. कडीचा आवाज झाला आणि माझ्या लक्षात आलं की कुणीतरी माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलंय आणि मी त्या कुणाचे तरी मनातल्या मनात आभार मानत उभी आहे. यादीची नाही, मला त्या हायसं वाटण्याची भीती वाटली. म्हणजे मी अशी आहे का? गेली दोन वर्षं पहाटे उठून जे वाचत होते ते कुणीतरी ‘नको’ म्हणेपर्यंतच होतं का?

काशीमिऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं विद्यापीठ आहे. तीन इमारती, त्यातल्या एकीला अजून बाहेरून रंग लागायचा आहे. भूगोल विभागात आम्ही अकरा विद्यार्थी, तीन शिक्षक आणि एक पृथ्वीचा गोल, ज्याचा आस वाकल्यामुळे तो कसाही फिरवला तरी हिंदी महासागरापाशी येऊन थांबतो. मोठ्या विद्यापीठांत म्हणे संधी भिंतीभर चिकटवलेल्या असतात, मुलं बघतसुद्धा नाहीत. आमच्याकडे वर्षातून ही एक येते. पुण्याची एक मोठी संस्था आमच्यासारख्या लहान ठिकाणांहून प्रत्येकी एकच विद्यार्थी घेते, सहा आठवडे, स्वतःचं काम स्वतः करायला, तिथले नकाशे, तिथली प्रयोगशाळा वापरून. ती जाहिरात आली की कँटीनवाल्यालाही माहीत होते. त्याने मला गेल्याच आठवड्यात चहा देताना विचारलं होतं, “मॅडम, पुणे कब जा रहे हो?” आणि मी हसून म्हटलं होतं, “अरे, मेरा कहाँ, देखो, बच्ची छोटी है।” असं का म्हटलं होतं? जाहिरात आली त्या दिवशीच मी अर्ज भरला होता. सगळ्यात आधी. मग त्याला असं का सांगितलं?

मी तिथूनच, प्लेग्रुपच्या फाटकाला टेकून स्वाती मॅडमना फोन लावला. त्यांनी तो पहिल्या घंटीलाच उचलला, म्हणजे त्या वाटच बघत होत्या. “अगं निशिगंधा, मी करणारच होते तुला. वाईट वाटून घेऊ नकोस हं.” मी विचारलं, मॅडम, अनुपलब्ध कुणी सांगितलं. “म्हणजे? मी घरी फोन केला होता ना शुक्रवारी. फॉर्मवर पालकांचा नंबर असतो, त्यावर. बाहेरगावी पाठवायचं असेल तर पालकांना विचारल्याशिवाय नाव पुढे जात नाही आपल्याकडे, तुला माहितीये. तुझे मिस्टर अगदी छान बोलले. म्हणाले, तिला नाही जमणार हो, तीच म्हणत होती. मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालंय.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि खरं सांगू? बाळ पहिलं. पुणे कुठे पळून जातंय?” मी तिसाव्या वर्षात आहे. प्रवेशाच्या वेळी ‘पालकाचे नाव व मोबाईल’ या रकान्यापाशी मी जराही थांबले नव्हते. बाबांना जाऊन चार वर्षं झालीत, आईला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सवयीने परागचं नाव घातलं होतं. त्याच दिवशी दुपारी पूर्वीच्या प्लेग्रुपच्या फॉर्मवर, त्याच रकान्यात, मी स्वतःचं नाव घातलं होतं. मॅडमचा हा नियमही उगाच आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी घरी न सांगता उत्तनच्या सहलीला आली होती आणि संध्याकाळी तिचा भाऊ विभागात येऊन टेबलावर मुठी आपटून गेला होता. लहान जागा. तिथे माया फार असते आणि धास्तीही फार, आणि दोन्ही एकाच वहीत लिहिलेल्या असतात.

“मॅडम, नाव पाठवायची मुदत कधी आहे?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “बारापर्यंत. दोन वाजता ऑनलाईन मुलाखत आहे. पण अगं, अभिनवला सांगून झालंय.” मी म्हटलं, मी येते आहे. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, जरासा घोगरा, सर्दीत येतो तसा.

शुक्रवारी. आज मंगळवार. मी फाटकाला टेकूनच राहिले आणि मधले चार दिवस एकेक करून उलटे फिरू लागले. शुक्रवारी संध्याकाळी पराग न सांगता चिकू घेऊन आला होता आणि त्याने ते स्वतः सोलून, बिया काढून माझ्यापुढे ठेवले होते. शनिवारी तो पूर्वीला बागेत घेऊन गेला, मला म्हणाला, तू पड जरा. रविवारी पंखे पुसले. काल माझ्या मोबाईलचं फुटकं कव्हर बदलून आणलं. मी आईला फोनवर ओरडून ओरडून सांगितलं होतं की हल्ली पराग किती बघतो ग माझ्याकडे. त्या प्रत्येक चिकूच्या फोडीत त्याला ठाऊक असलेलं आणि मला ठाऊक नसलेलं काहीतरी होतं. मी मात्र ते गोड म्हणून खात होते. मला राग यायला हवा होता. तो येत होता, पण मध्येच अडखळत होता, कारण रागाच्या वाटेवर एक वाक्य आडवं पडलं होतं आणि ते माझंच होतं.

परागने फोन उचलला तेव्हा मागे ऑफिसातली लोकं हसत होती. “बोल निशि.” मी म्हटलं, मॅडमना तू काय सांगितलंस. मग दार लोटल्याचा आवाज आला, तो बाहेर कुठेतरी जिन्यात आला असावा. “मी सांगणार होतो तुला.” “कधी?” “तू जरा बरी दिसायला लागलीस की.” “मी आजारी होते?” “तूच म्हणालीस ना, निशि. पूर्वीला ताप होता त्या दिवशी. नाही जमणार, सोडून देते सगळं. मी काय मनाने बोललो? त्या बाईंचा फोन आला, मला वाटलं, हिला नाही म्हणायला जड जाईल, मॅडम एवढ्या चांगल्या, आपणच सांगून टाकू. तुझं ओझं कमी होईल.” त्याच्या आवाजात कुठे लबाडी आहे का ते मी कान लावून शोधत होते. नव्हती. ती असती तर फार सोपं झालं असतं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तीन आठवड्यांपूर्वीची संध्याकाळ, पूर्वीला एकशे दोन, कपाळावरची घडी दर पाच मिनिटांनी कोमट होत होती, कुकरची शिट्टी होत नव्हती नुसती वाफ जात होती, आणि दुसऱ्या दिवशी नकाशांची फाइल द्यायची होती. पातेल्यात घडी पिळता पिळता मी म्हटलं होतं, “मला नाही जमणार हे, पराग. मला काहीच धड जमत नाही. सोडून देते सगळं, पुणे नको नि काही नको.” त्याने माझ्या हातातून घडी घेतली आणि स्वतः पिळली. काही बोलला नाही. मी तेव्हा कशाची वाट बघत होते? आमच्या माहेरी, गिरगावातल्या दोन खोल्या सोडून भाईंदरला आलो तरी, जेवणाची एक रीत होती. कुणी ‘वाढू का’ म्हटलं की आधी ‘नको’ म्हणायचं. भूक असली तरी. मग वाढणाऱ्याने ‘घ्या हो, अर्धी तरी’ म्हणायचं, आपण पानावर हात आडवा धरायचा, मग बोटांच्या फटीतून पोळी पानात पडायची आणि आपण ‘अरे अरे’ करत ती खायची. पहिल्याच नकोला वाढपी पुढे गेला तर ती त्याची चूक. बाबा तर तिसऱ्या आग्रहाशिवाय आमटी घेत नसत, आणि एकदा मामांकडे कुणी तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून अर्धपोटी उठून आले होते आणि वर्षभर ते सांगत होते. मी त्या घरात वाढले. पुणे नको म्हटलं ते पहिलं नको होतं. परागने ‘वेडी आहेस का, जायचंच’ म्हणावं, मी हात आडवा धरावा, त्याने पुन्हा म्हणावं, असं सगळं माझ्या डोक्यात मांडलेलं होतं. त्याच्या घरी असलं काही नव्हतं. त्याची आई नको म्हटलं की पातेलं झाकून ठेवते. त्याने माझं पहिलंच नको खरं धरलं, घडी पिळली आणि पातेलं झाकून ठेवलं.

आणि मी कधी काय म्हटलं होतं दुसरं? माझ्या फील्डच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक कोष्टक आहे. सोमवार ते बुधवार आई येईल, गुरुवार-शुक्रवार परागचं घरून काम, प्लेग्रुप साडेबारापर्यंत, शनिवारी पहाटेच्या गाडीने मी परत, रविवारी संध्याकाळी पुन्हा पुणे. औषधांची नावं, पूर्वी कुठल्या वाटीत भात खाते ते, ती ‘घू’ म्हणाली की काय हवं असतं ते. हे मी महिन्याभरापूर्वी पेन्सिलीने आखलं, शाईने गिरवलं आणि कुणालाही दाखवलं नाही. परागला नाही, आईलाही नाही. मला जमत नाही हे मी दारात, स्वयंपाकघरात, कँटीनमध्ये, फोनवर, जो भेटेल त्याला सांगत होते, आणि मला हवंय हे एका वहीच्या पाठीमागे लिहून ठेवलं होतं.

“बरं ऐक,” पराग म्हणाला, “त्यात काय एवढं? मी आत्ता मॅडमना फोन करतो. सांगतो, माझं चुकलं, जाऊ दे तिला.” ‘जाऊ दे तिला’ हे शब्द माझ्या कानात एखाद्या खड्यासारखे खुपले. त्याने फोन केला असता तर दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं असतं. मी घरी जाऊन भाजी निवडली असती आणि दोन वाजता मुलाखतीला बसले असते. “नको,” मी म्हटलं. मग घाईने म्हटलं, “हे नको खरं आहे. तू काही करू नकोस. मी जाऊन सांगते.” तो म्हणाला, “चिडलीयेस?” मी म्हटलं, “हो. संध्याकाळी चिडेन नीट. आत्ता वेळ नाहीये. आणि पराग, मला जायचंय. पुण्याला. मला हवंय ते.” पलीकडे जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत गेलं. “मला माहितीच नव्हतं,” तो म्हणाला, आणि त्या तीन शब्दांनी मला त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली.

हेमाली तिच्या राजला आत सोडून पायऱ्या उतरत होती. आमच्याच मजल्यावर राहते, दार समोरासमोर. माझं तोंड बघून म्हणाली, “शुं थयुं? किसी का फोन था?” मी म्हटलं, हेमाली, सॉरी, तुझे ऑकवर्ड लगेगा, अगर हो सके तो, पूर्वी को साडेबारा बजे, मतलब अगर तेरा कुछ काम ना हो तो, सॉरी हां. तिने हात वर करून मला थांबवलं. “तू पहले सॉरी का पाकीट खाली कर ले, फिर बोल. लेना है ना बच्ची को? ले लूँगी. थेपला खिला दूँगी. कितने बजे तक?” “चार.” “हां तो बोल ना, चार बजे तक! एटलुं बधुं गोल गोल शुं काम फरे छे?” आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालून ती चालायला लागली. मी मागून ओरडले, “और हेमाली, मुझे छे हफ्ते के लिए पुणे जाना है!” ती वळून न बघताच ओरडली, “तो जा ना! बताने में इतना टाइम?” रस्त्यावरच्या दोन बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, असं काही मोठ्याने म्हटल्यावर लाज वाटेल. कान तापले, बस्स.

परिवहनची बस गोल्डन नेस्टच्या चौकात बराच वेळ अडकली. मी खिडकीशी बसून घड्याळ बघत होते. हायसं वाटणं आता कुठे गेलं होतं कोण जाणे, पण ते परत येईल हे मला माहीत होतं, आणि ते यायच्या आत पोचायला हवं होतं. माझं काम बुजलेल्या तळ्यांवर आहे. नवघर, खारी, पेणकरपाडा, या गावांत एके काळी पाणी कुठे साठायचं, आणि आता त्यावर कोणकोणत्या सोसायट्या उभ्या आहेत. जुने नकाशे पुण्यात आहेत. इथे फक्त माणसं आहेत, आणि तीही थकत चालली आहेत. खारीच्या शांताबाई टोपलीत बोंबील, मांदेली घेऊन नाक्यावर बसतात. त्यांच्याकडे मी दोन महिने जात होते आणि पहिले पंधरा दिवस काही विचारलंच नाही. मासळी घ्यायला म्हणून जायची, टोपलीपुढे उभी राहायची, आणि त्यांनीच कधीतरी ओळखावं की ही काहीतरी विचारायला येते. एक दिवस पूर्वी कडेवर रडत होती आणि मी तिला थोपटत नुसती उभी होते. शांताबाईंनी कोयती खाली ठेवली. “काय गो बाय, काय पायजे त्ये तोंडान बोल ना. मी काय देव हाय तुज्या मनातला वलखायला?” मी म्हटलं, तळ्याबद्दल विचारायचं होतं, पण ही रडतेय, नंतर येते. “पोर रडतंय तं रडूं दे. मरत न्हाय कोन रडून. माजी चार पोरा ह्या टोपलीच्या बाजूला रडून मोठी झाली. तू इचार.” मी विचारलं. त्या तासभर बोलल्या, हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकत होते, आणि मध्येच त्यांनी समोरच्या सात मजली इमारतीकडे बोट दाखवून, “ती उभी हाय ना, तितं आमी म्हशी धुवायचो,” असं म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पूर्वी मधेच केव्हातरी रडायची थांबली होती. केव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते लक्षात न येणं मला कित्येक दिवस डाचत होतं. आज बसमध्ये पहिल्यांदा वाटलं, त्या तासात मी होते कुठे, तर जिथे असायला हवं तिथेच होते.

विभागात पोचले तेव्हा साडेअकरा होत आले होते. मॅडमच्या टेबलासमोर अभिनव उभा होता, नवा इस्त्रीचा शर्ट, केस ओले. त्याला बघितल्यावर माझे पाय दारातच थांबले. तो बावीस वर्षांचा आहे, हुशार आहे, लायब्ररीत माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवतो आणि मला ताई म्हणतो. “ताई, मॅडम म्हणतायत तुम्ही येताय,” तो म्हणाला. “पण मी घरी सांगून टाकलं. आईने शेजारीपाजारी सांगितलं. आणि तुम्हीच म्हणाला होतात ना मला, लायब्ररीत, की आपलं काही खरं नाही, तूच जाशील बघ.” म्हटलं होतं. त्यालाही म्हटलं होतं. त्याने ‘नाही हो ताई, तुम्हीच’ म्हणावं म्हणून म्हटलं होतं आणि तो तेव्हा तसं म्हणालाही होता, दोनदा. मॅडम आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. या क्षणी मी नेहमीसारखी हसले असते, ‘बरं, राहू दे, तूच जा’ म्हटलं असतं, तर खोलीतल्या तिघांनाही हायसं वाटलं असतं. ते अगदी दाराशी येऊन उभं होतं. “म्हटलं होतं, अभिनव,” मी म्हटलं. “ते खोटं होतं. तुला खोटं सांगितलं, त्याबद्दल तू माझ्यावर रागव. पण यादीत पहिली मी आहे आणि मला जायचंय.” त्याने खाली बघितलं. मग टेबलावरची स्वतःची फाइल उचलली, तिचे कोपरे नीट जुळवले, आणि माझ्या बाजूने निघून गेला. त्याने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याच्यामागे गेले नाही. खुर्ची ओढून बसले.

मॅडमचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. “मी तुझ्या भल्यासाठीच केलं ग.” “माहीत आहे मॅडम.” “मग आता मिस्टरांना फोन करू दे मला एक. त्यांनी हो म्हटलं की शेरा काढते.” मी म्हटलं, “त्यांना नका करू. मी आहे ना समोर.” “अगं, पण पालकांची संमती लागते.” “मग पालकाचं नाव काढून टाका. रकाना रिकामा ठेवा.” त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नव्हतं, नुसती लाल रेघ येत होती. मॅडमनी तीनदा करून पाहिलं. मला का कोण जाणे हसू आलं आणि मग त्यांनाही आलं, तोंडावर हात धरून. “भरते मी,” म्हणत मी कीबोर्ड ओढला. पालकाचं नाव या जागी माझं नाव घातलं. नातं या जागी यादी उघडली, पिता, माता, पती, अन्य. स्वतः असा शब्द तिथे नव्हता. मी ‘अन्य’वर बोट ठेवलं. मोबाईल माझा. पंधरा सेकंदांनी माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. आपल्या पाल्याला बाहेरगावी पाठवण्यास संमती असल्यास खालील अंक सांगावेत. मी सहा अंक मोठ्याने वाचले आणि मॅडमनी ते एका बोटाने टाइप केले. शेवटच्या अंकावर त्यांचं बोट थांबलं. “हे नियमात बसतं का ग?” “नियम संमतीचा आहे. संमती दिली मी.” त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, चष्म्यावरून, जसं त्या नकाशातली चुकलेली समोच्च रेषा बघतात. “तुझ्यात हे होतं तर इतके दिवस तोंडात मूग का धरले होतेस?” आणि बटण दाबलं. अकरा सत्तावन्न झाले होते. नवी यादी त्यांनी ग्रुपवर टाकली. माझ्या ओळीचा शेवटचा रकाना आता बाकीच्यांसारखाच कोरा होता. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आता खरंच जावं लागणार, आणि आता त्याचं खापर कुणाच्याच डोक्यावर फोडता येणार नव्हतं.

एक वाजता हेमालीचा फोटो आला. पूर्वी राजच्या शेजारी बसून थेपला खात होती, हनुवटीला दही, आणि हसत होती. खाली हेमालीने लिहिलं होतं, ‘मम्मा को याद भी नहीं किया’. तिने ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून तिच्या डोळ्यांत रडल्याच्या खुणा शोधल्या. नव्हत्या. मला तेही लागलं. ती रडली असती तर लागलंच असतं आणि रडली नाही तर हे असं. विभागाच्या बाहेरच्या नळावर तोंड धुतलं, पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसलं. अभिनव जिन्याच्या खालच्या पायरीवर पाठमोरा बसला होता. त्याने वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. त्याच्याशी बोलायला वेळ लागणार होता आणि तो वेळ त्यानेच ठरवायचा होता.

दोन वाजता पडद्यावर तीन माणसं आली, दोन पुरुष आणि मधोमध एक पांढऱ्या केसांच्या बाई. मी उभीच राहिले होते, मॅडमनी मागून खुणावलं, बस. आधी मला माझाच आवाज उशिराने परत ऐकू येत होता, मग तो थांबला. तळ्यांचं विचारलं. मी सांगितलं. म्हशींचं सांगितलं. एका गृहस्थांनी विचारलं, माणसांच्या आठवणी चुकतात, मग तुम्ही त्यावर नकाशा कसा आखणार? मी म्हटलं, म्हणूनच तुमचे नकाशे हवेत, आणि तुमचे नकाशे चुकतात तिथे आठवणी हव्यात. ते हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. मग मधल्या बाईंनी कागद उलटा केला. “तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, असं दिसतंय. सहा आठवडे जमेल?” त्यांचा सूर मॅडमसारखाच मऊ होता. मी सवयीने श्वास घेतला, तो बाहेर पडताना त्याच्यावर ‘बघू’ बसलेलं असतं हे मला ठाऊक होतं. “अवघड जाईल,” मी म्हटलं. “घरची व्यवस्था आखलेली आहे. मी येणार आहे.” बाईंनी मान हलवली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “ठीक. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?”

मी आजवर जितक्या मुलाखती दिल्या, शाळेतल्या, बँकेतल्या, अगदी लग्नाच्या बघण्याच्यासुद्धा, त्या प्रत्येकीत शेवटी हा प्रश्न आलेला आहे आणि प्रत्येक वेळी मी ‘नाही, थँक यू’ म्हटलेलं आहे. खुर्चीची कड तळव्यांना रुतत होती. “हो,” मी म्हटलं. “तुमच्या वसतिगृहात शनिवार-रविवार मुलीला माझ्याबरोबर ठेवता येईल का? म्हणजे दर आठवड्याला मला निम्मा दिवस प्रवासात घालवावा लागणार नाही, आणि शनिवारीही काम करता येईल.” मागे स्वाती मॅडमची खुर्ची करकरली. पडद्यावर कुणी हललं नाही. मला वाटलं, चित्र अडकलंय. मग डावीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढला. “असं आजवर कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. बाई म्हणाल्या, “नियम बघावा लागेल. बघून कळवतो.”

माझी वही टेबलावर होती. मी पेनचं टोपण काढलं.

“कधीपर्यंत?” मी विचारलं.